खोलीतली चौकशी

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (खरं म्हणजे साष्टांगातली दोन अंगं या खेपेला कमी आहेत. दोन्ही गुडघे सुजलेत आणि टेकवले की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. ते का सुजले हेच पुढे सांगायचं आहे, तेव्हा तेवढा नमस्कार तू पदरचा धरून घे.) तुझं डोकं दुखायचं थांबलं का? भाऊजींचा खोकला कसा आहे? ते अजून औषध झाडाच्या कुंडीत ओतत असतील, तर झाडाची तब्येतही कळव. मी इथे सुखरूप आहे. हे वाक्य मी दर पत्रात लिहितो आणि तू ते दर वेळी न वाचता पुढे जातेस, पण आज कृपा करून दोनदा वाच. मी सुखरूप आहे. हातपाय जागेवर आहेत, भूक लागते, आणि इथे माझ्यासोबत कामाला असलेल्या आपल्या गल्लीतल्या त्या प्लंबरने घरी फोन करून जे काही सांगितलं त्यातलं निम्मं खोटं आहे.

राहिलेलं निम्मं खरं आहे म्हणूनच हे पत्र. परवा फोनवर तू रडत होतीस, माझ्यामागे रांगेतली माणसं घसे खाकरत होती, आणि तुझ्या पहिल्याच वाक्याने मला फोनचा खांब धरावा लागला. "अरे, नळातून वाहून गेलास म्हणे!" ताई, मी वाहून गेलो असतो तर फोनवर कोण बोलत होतं? पण तुझीही चूक नाही. प्लंबरने बायकोला सांगितलं, "पाइपात अडकला." तिने शेजारणीला सांगितलं, "पाइपात पाणी होतं." शेजारणीने उरलेलं स्वतःच्या हिमतीवर पूर्ण केलं. तेव्हा आता माझ्याकडूनच ऐक, आणि पहिल्यापासून ऐक, कारण या प्रकरणाची सुरुवात पाइपात होत नाही. ती माझ्या खोलीत होते.

आमच्या खोल्या तुला ठाऊक आहेत. पत्र्याच्या पेट्या, ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत दोन खाटा, दोन लोखंडी कपाटं, आणि भिंतीत एक गार हवेचं यंत्र, जे हवा कमी आणि खडखडाट जास्त देतं. बाहेर पाऊल टाकलं की धूळ, धुळीपलीकडे कुंपण, आणि कुंपणापलीकडे आम्ही उभारतो आहोत तो खताचा कारखाना. सगळ्या पेट्या इतक्या सारख्या की नव्या माणसाने पहिला आठवडा दुसऱ्याच्या खाटेवर झोपून काढावा. (मी एका सुताराच्या खाटेवर झोपलो होतो. त्याने उठवलं नाही, फार सज्जन माणूस. तोच आता रजेवर निघालाय आणि हे पत्र त्याच्याच हाती देतोय.) असं असूनही जागा वाईट नाही. वाईट होता तो माझा खोलीसोबती.

हा गृहस्थ रिगर आहे, म्हणजे क्रेनला ओझं बांधून देणारा आणि खाली उभं राहून हातांच्या खुणांनी क्रेनवाल्याला वर, खाली, थांब असं सांगणारा. दिवसभर हाताने बोलायचं काम, म्हणून की काय, तोंडाचं सगळं काम तो संध्याकाळसाठी राखून ठेवतो. आणि तेही बोलणं नव्हे, विचारणं. कुठे निघालात? कशाला? परत कधी? सोबत कोण? टोपी का नाही घेतली? जेवलात का? मग एवढंसंच का जेवलात? कॅम्पात त्याचं नाव 'चौकशी' पडलंय. नवी माणसं हसत येतात आणि आठवड्याभरात त्याला बघून रस्ता बदलतात. मी कुठे बदलणार? माझी खाट त्याच्या खाटेपासून हातभर अंतरावर. न्हाणीघरातसुद्धा सुटका नाही. डोक्याला साबण लावून मी उभा असतो आणि बाहेरून दारावर टकटक.

"आत कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

आता यावर माणसाने काय सांगावं? मोठमोठ्या साधूंना जन्मभर हा प्रश्न सुटला नाही, तो मला डोळ्यांत साबण असताना सोडवायचा!

मी उपाय करून पाहिले. एकदा मुद्दाम गाल धरून बसलो आणि खुणेने सांगितलं की दात दुखतोय, बोलता येत नाही. संध्याकाळ शांत जाईल असा हिशेब होता. हा उठला आणि दवाखान्यातल्या कंपाउंडरला पकडसकट घेऊन आला. "कुठला दात?" कंपाउंडरने विचारलं. मी काही सांगायच्या आत चौकशीने माझा जबडा उघडून दोन संशयित दाखवले. त्यांतला एक मी वाचवू शकलो. (दुसरा तसाही किडलेला होता, असं कंपाउंडर म्हणाला. किडला असेलही, पण तो माझा होता, आणि त्याला त्या दिवशी जायचं नव्हतं.)

शेवटी मी कॅम्पच्या व्यवस्थापकाकडे खोली बदलून मागितली. हा माणूस भलत्याच मुलुखातला, त्याची भाषा मला येत नाही आणि माझी त्याला कळत नाही. मी दोन्ही हातांच्या चोचींची उघडझाप करून दाखवली की माझा सोबती फार बोलतो. त्याने कपाटातून उंदीर मारायचं औषध काढून दिलं. मी पुन्हा हात चालवले. त्याने औषधाची दुसरी बाटली काढली. असं बराच वेळ चालल्यावर भाषा जाणणारा एक कारकून देवासारखा धावून आला आणि माझं काम झालं. नवी खोली एका क्रेनवाल्यासोबत मिळाली. तो म्हणे दिवसाकाठी चार शब्द बोलतो, त्यातले दोन जेवणाबद्दल. गुरुवारी संध्याकाळी किल्ली मिळायची होती. मला तर लग्न ठरल्यासारखा आनंद झाला.

गुरुवारी सकाळी मी बॅग भरत होतो. चौकशीने विचारलं, "बॅग का भरताय?" मी म्हटलं, "कपड्यांना हवा लागावी म्हणून." बॅगेत भरून कपड्यांना हवा कशी लागते, हे साधं शेंबडं पोरही विचारेल. त्याने विचारलं नाही. "बरं," म्हणाला आणि पायात बूट चढवू लागला. ताई, इतक्या दिवसांत त्याच्या तोंडून प्रश्नचिन्ह नसलेला शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला कसंतरीच झालं. पण म्हटलं, आता संध्याकाळपर्यंतचाच प्रश्न आहे, आणि कामावर गेलो.

माझं काम म्हणजे वेल्डिंगचे सांधे तपासणं, दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढणं. (त्याची तालीम मी तुझ्या स्वयंपाकावर केली, असं तू म्हणतेस ते मला मान्य आहे.) कारखान्याला गार पाणी नेणारा एक लांबलचक मोठा पाइप आहे. आत उभं राहता येत नाही, पण हातगुडघ्यांवर रांगत जाता येतं. बुधवारी आतला शेवटचा सांधा तपासला, पास केला. गुरुवारी दुपारी जेवायच्या वेळी लक्षात आलं की सांधे बघायचा चष्मा नाही. खिसे पाहिले, टोपी पाहिली, कपाळ पाहिलं. मग आठवलं, पाइपात पाठीवर उताणा पडून वरचा सांधा बघून झाल्यावर काढून ठेवला होता.

आता नियम असा, की पाइपात शिरायचं तर आधी परवानगी, मग तोंडाशी एक राखणदार, मग आपण. पण आतलं काम संपलेलं होतं, परवानगीही कालच संपली होती, आणि नवी मागायची तर चष्मा हरवल्याचं साहेबाला सांगावं लागलं असतं. सांधे तपासणाऱ्याने चष्मा हरवणं म्हणजे शिंप्याने सुई गिळण्यापैकीच. म्हटलं, मिनिटभराचं काम, जातो आणि येतो. आणि हे नीट वाच, भोजनगृहाच्या पुढच्या दाराशी चौकशी हात धूत उभा होता. तो 'कुठे निघालात' विचारणार, म्हणून मी मागच्या दाराने सटकलो. मी कुठे गेलो हे अख्ख्या जगात एकाच माणसाला कळू शकत होतं, आणि त्यालाच मी चुकवलं.

पाइपात शिरलो. वळणापलीकडे गेलो. चष्मा सापडला. (डाव्या गुडघ्याला सापडला. एका काचेला तडा गेला.) बाहेर ऊन असं की टोपीवर भाकरी भाजावी, आणि आत तळघरासारखा गारवा. क्षणभर पाठ टेकली. पुढचं तू ओळखलंसच. आपल्या घराण्यात पाठ टेकली की काय होतं, हे तुला सांगायला नको.

जागा झालो तेव्हा अंधार होता. आधी वाटलं, रात्र झाली. मग पोलादावर पोलाद घासल्याचा आवाज आला आणि पाना फिरवून नट आवळल्याचा. मी वळणाशी आलो तर जिथे उजेडाची गोल खिडकी असायची तिथे काळं कुट्ट. तोंडावर झाकण बसलं होतं. झाकण बसवणाऱ्याने आत बॅटरी मारली असणारच, पण मी वळणापलीकडे, बॅटरी काय वाकून बघते? मी ओरडलो, "अहो! आत माणूस आहे!" पाइपाच्या दुसऱ्या टोकाकडून उत्तर आलं, "माणूस आहे!" मला इतका आनंद झाला! म्हटलं, आणखी कुणीतरी आहे. "कोण आहे?" मी विचारलं. "कोण आहे?" त्याने विचारलं. आवाज ओळखीचा वाटला. थोड्या वेळाने तो माझाच आहे हे कळलं, आणि ताई, तेव्हा मात्र मला रडू आलं.

कारण झाकण कशासाठी लावतात हे मला ठाऊक होतं. सांधे गळतात का हे पाहायला पाइप पाण्याने गच्च भरतात. सांधे गळणार नव्हते. ते मीच पास केले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपलं काम चांगलं झाल्याचं मला वाईट वाटलं.

मग पाणी आलं. गाजावाजा न करता, चोरासारखं, तळाशी बारीक धार धरून आलं आणि तळव्यांना लागलं. मी बूट काढून त्याच्या लोखंडी नाकाने पाइप ठोकायला लागलो. पण बाहेर दोन क्रेन, जनरेटर, पाण्याचा पंप, ग्राइंडर, सगळ्यांची जत्रा. माझी ठकठक कुणाला ऐकू जाणार? पाणी घोट्यांवर आलं. रांगत बसलेल्या माणसाचे घोटे म्हणजे जवळजवळ मांड्याच. खोटं कशाला सांगू, देव आठवला नाही. तुझी भावजय आठवली, आणि 'चष्म्यासाठी गेले' हे लोकांना सांगताना तिचा चेहरा कसा होईल ते आठवलं. तू आठवलीस. आणि तो आठवला. मनात आलं, जेवायला बसल्यावर त्याने विचारलं असेल का? की सकाळच्या त्या 'बरं'नंतर त्याने विचारणंच सोडून दिलं?

आता बाहेर काय चाललं होतं ते, मला नंतर सगळ्यांनी सांगितलं तसं. चौकशी ताट घेऊन बसला आणि शेजारची माझी जागा रिकामी. त्याने समोरच्याला विचारलं, मागच्याला विचारलं, वाढणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, मागच्या दाराने गेला. लोक म्हणाले, "तुम्हालाच चुकवत असेल." सगळे हसले. हा ताट तसंच सोडून उठला. दवाखान्यात विचारलं, न्हाव्याकडे विचारलं, गोदामात विचारलं. मग व्यवस्थापकाकडे गेला आणि तिथे कारकुनाने सांगितलं की तुमच्या सोबत्याने खोली बदलून घेतलीय, आज संध्याकाळी जाणार आहे. (हे ऐकून तो काय म्हणाला, असं मी कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण आत्ता कुठे आहे?") कालचं माझं काम पाइपात होतं म्हणून तिथून तो पाइपाशी पोचला, तेव्हा पंप सुरू होऊन थोडा वेळ झाला होता. त्याने चाचणीच्या साहेबाला विचारलं, "आत कोणी नाही ना?" साहेब म्हणाला, नाही. "बघितलंत?" साहेब म्हणाला, बघितलंय. "वळणापलीकडे?" साहेबाने पंप चालूच ठेवायची खूण केली.

ताई, हा माणूस साहेब लोकांसमोर मान वर करत नाही. पण तो गेला, पंप बंद करायचं लाल बटण दाबलं, आणि पंपाच्या पेटीवर चढून उभा राहिला. दोन्ही हात बाजूला ताणले, मुठी आवळल्या. क्रेनच्या भाषेत ही 'थांब'ची खूण, आणि आमच्याकडे नियम असा की ही खूण कुणीही केली, अगदी झाडूवाल्याने केली, तरी क्रेनवाल्याने आधी थांबायचं आणि मग कारण विचारायचं. जवळच्या क्रेनवाल्याने पाहिलं, थांबला. त्याची क्रेन थांबली म्हणून पलीकडची थांबली. क्रेन थांबल्या म्हणून ग्राइंडरवाले वर बघू लागले. कुणीतरी जनरेटर बंद केला. साहेब खालून ओरडतोय, दोन रखवालदार त्याचे पाय ओढताहेत, आणि हा वर कोरड्या झाडासारखा हात पसरून उभा, तोंडाने एकच घोष, "एक माणूस कमी आहे. एक माणूस कमी आहे."

अख्खा कारखाना गप्प झाला. आणि त्या शांततेत माझा बूट ऐकू आला.

आत मला एवढंच कळलं की पाणी वाढायचं थांबलं. मग डोक्याशी कुणीतरी पान्याने पाइपावर टकटक केलं, आणि पोलादातून, लांबून आल्यासारखा, एक आवाज आला.

"आत कोण आहे?"

"मी!"

"मी कोण?"

ताई, मी माझं संपूर्ण नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव, गल्ली, घरामागची विहीर, सगळं सांगितलं. बाहेरून पुन्हा आवाज आला, "जेवलात का?" आणि मी घोटाभर पाण्यात बसून, हुंदके देत म्हणालो, "नाही हो, नाही जेवलो."

झाकण उघडायला वेळ लागला, पण त्या वेळाचं मला काही वाटलं नाही. तो बाहेरून विचारत होता आणि मी आतून उत्तरं देत होतो. बाहेर आलो तेव्हा सगळी माणसं गोल करून उभी. साहेबाचा चेहरा चुना लावल्यासारखा पांढरा. तो मला रागावला, आणि ओरडून ओरडून त्यालाच ठसका लागला, म्हणून मीच त्याला पाणी दिलं. चौकशी पुढे आला, माझ्या ओल्या कपड्यांकडे पाहून म्हणाला, "आत कशाला गेला होतात? कुणाला सांगितलं होतं? मागच्या दाराने का गेलात?" सगळे हसायला लागले. मी नाही हसलो. मी एकेका प्रश्नाचं नीट, सविस्तर उत्तर दिलं. शेवटच्याचंसुद्धा. तो म्हणाला, "बरं." हे 'बरं' सकाळच्यापेक्षा फार बरं होतं.

शिक्षा म्हणून आता मला रोज सकाळी कामापूर्वी सगळ्यांसमोर उभं राहून 'पाइपात का शिरू नये' यावर बोलावं लागतं. पहिल्या दिवशी लोक टाळ्या वाजवत होते. आता माझ्या आधीच ते पाठ म्हणतात.

त्याच संध्याकाळी व्यवस्थापक नव्या खोलीची किल्ली घेऊन दारात हजर. चौकशी आपल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेला, घडी केलेला शर्ट पुन्हा घडी करत. मी व्यवस्थापकाला हातांनी सांगितलं की किल्ली नको, मी इथेच राहतो. तो गेला आणि उंदराचं औषध घेऊन आला. मी ते आदराने ठेवून घेतलं आणि बॅगेतले कपडे काढून परत कपाटात लावले. चौकशीने मान वळवली. "हवा लागली का कपड्यांना?"

"लागली," मी म्हटलं. आणि मग मला एक गोष्ट सुचली, जी इतके महिने सुचली नव्हती. मी त्याला विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं हो?"

तो इतका दचकला की हातातला शर्ट खाली पडला. या कॅम्पात त्याला कुणी कधी काही विचारलंच नव्हतं, कारण विचारायला त्याच्यापुढे थांबावं लागतं. मग जो बोलायला लागला तो जेवणाची घंटा होईपर्यंत. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी आजारपणात गेली, मूलबाळ नाही. आई भावाकडे असते. तिला कमी ऐकू येतं, म्हणून फोनवर ती फक्त बोलते, हा फक्त ऐकतो. शिवाय त्याला पोहता येतं, शिलाई येते, आणि झाडांची फार हौस आहे. एवढ्या सगळ्यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं, आणि मी स्वतःला तपासनीस म्हणवतो.

असो. जीव वाचला, झोप लागते, आणि न्हाणीघरात कुणी 'मी कोण' विचारलं की हल्ली मी पूर्ण नाव सांगतो. भाऊजींना नमस्कार, मुलांना पोटभर आशीर्वाद.

तुझा भाऊ,
कोरडा आणि सुखरूप

ता. क. चष्म्याची नवी काच इथे मिळत नाही, तडा गेलेलीच चिकटवून घेतली. जगाच्या मधोमध अजून एक रेघ दिसते, पण सांध्यांत ती चांगली खपून जाते.

ता. क. तुझ्या भावजयीला पाइपात झोप लागली एवढंच सांग. पाणी आलं होतं हे सांगू नकोस. प्लंबरच्या बायकोने आधीच सांगितलं असेल, तर पाणी स्वच्छ होतं असं सांग.

ता. क. आता पत्र लिहायचं खरं कारण. फोनवर सांगता आलं नाही, कारण रांगेत माझ्यामागे तोच उभा होता. ताई, आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती शाळेत शिकवते, खोलीवर येते, कुलूप काढते, आणि 'उशीर का झाला' असं विचारणारं घरात कुणी नसतं. मागे रजेवर आलो होतो तेव्हा ती सहज म्हणाली होती, "दादा, मी दोन दिवस घरी आले नाही ना, तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही." तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पाइपात बसल्यावर ते वाक्य मला नीट ऐकू आलं. इथे एक माणूस आहे, ज्याच्या लक्षात येईल. तू विषय काढून बघ. मी अजून त्याला काही विचारलेलं नाही. इतरांना विचारणं त्याला जमतं, मला जमत नाही. धाकटीचा होकार दिसला, तरच धीर गोळा करेन.

ता. क. ती सरळ नाही म्हणाली तर विषय तिथेच सोड आणि मला रागव. पण 'उंची किती, राग येतो का, घोरतो का' असं उलट विचारायला लागली, तर लगेच कळव, सगळी उत्तरं पाठवतो. (घोरतो. पण हे सगळ्यात शेवटी सांग.)